आप्पांच्या फोनला अँड्रॉइड १६ येणार का?

पिलबाग (फैजपूर) | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

फोन आप्पांचा आहे, डोकेदुखी माझी आहे.

२०२२ च्या दिवाळीला एका दुकानातून त्यांना साडेतेरा हजारांचा फोन घेऊन दिला. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "तीन वर्षं अपडेट येतील, बिनधास्त न्या." आज त्यात अँड्रॉइड १२ आहे आणि सुरक्षा पॅच (चोरवाटा बुजवणारी छोटी दुरुस्ती) ऑगस्ट २०२३ चा. त्यानंतर कितीदाही बटण दाबलं तरी एकच उत्तर मिळतं, 'तुमचा फोन अद्ययावत आहे'. दोन वर्षं झाली, तो स्वतःला अद्ययावतच समजतोय.

निमित्त कापसाचं झालं. यंदा सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते. ई-पीक पाहणी तर फोनवरच असते. ही दोन्ही कामं अजून होतायत. पण गेल्या आठवड्यात आप्पांच्या बँकेच्या ॲपने पाटी दाखवली की तुमच्या फोनमधली अँड्रॉइड आवृत्ती लवकरच चालणार नाही. आप्पा म्हणाले, "तीन वर्षांत म्हातारा झाला? आपला ट्रॅक्टर एकोणीस वर्षांचा आहे." मी गप्प बसलो.

तर या फोनला १३, १४ किंवा थेट १६ यायची काही आशा आहे का? आणि नसेल तर नवीन घेताना काय बघायचं? बजेट फार नाही, केळीचे भाव तुम्हाला माहीत आहेत.

---

भुसावळ_जंक्शन | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०४

नाही येणार. गाडी कधीच सुटली, तुम्ही अजून फलाटावर उभे आहात. (ह.घ्या.)

---

पाटीवरचा_मास्तर (अमळनेर) | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४१

पिलबाग, एक सांगा. फोन *घेतला* २०२२ च्या दिवाळीला, पण तो *बाजारात आला* कधी? मॉडेलचं नाव टाकून शोधा, मग बोलू.

---

पिलबाग | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

शोधलं मास्तर. फेब्रुवारी २०२१. तेव्हा त्यात अँड्रॉइड ११ होतं. म्हणजे मी घेतला तेव्हाच तो पावणेदोन वर्षांचा होता?

---

पाटीवरचा_मास्तर | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

हो, दुखणं तिथेच आहे. कंपन्या जी वर्षं सांगतात ती फोन पहिल्यांदा बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, आपण पैसे मोजले त्या दिवसापासून नाही. तुमच्या भाषेत सांगतो. उभी बाग विकत घेतली तर केळीचं वय खरेदीखताच्या तारखेपासून धरता का? लावणी कधीची, हेच विचारता ना! दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं होतीही, फक्त त्यातली पावणेदोन दुकानाच्या कपाटात गेली.

एकाच घरातलं उदाहरण देतो. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२१ जानेवारी २०२१ मध्ये अँड्रॉइड ११ घेऊन आला. त्याला चार मोठ्या आवृत्त्या, म्हणजे १५ वर थांबला. एस२१ एफई जानेवारी २०२२ मध्ये अँड्रॉइड १२ घेऊन आला. त्यालाही चारच, पण हिशेब १६ पर्यंत जातो. नाव जवळपास एकच. मूळ एस२१ महाग आणि एफई स्वस्त, तरी एक आवृत्ती जास्त स्वस्ताला. किमतीवरून अपडेट ओळखायला गेलं की माणूस असा फसतो.

तुमच्या फोनला ११ ची १२ मिळाली आणि विषय संपला. १६ विसरा, १३ सुद्धा येणार नाही. कंपनीने स्वतः जाहीर केलं तर गोष्ट वेगळी, पण पॅच दोन वर्षांपूर्वी थांबला असेल तर त्या मॉडेलवर काम करणारी माणसं केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेली असतात.

---

खापरावरचा_मांडा (शिरपूर) | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

आते मना फोनले अपडेट ई का नही, इतलंच सांगा भो. बाकी बठ्ठं पुराण ऱ्हाऊ द्या.

---

भुसावळ_जंक्शन | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

मांडेभाऊ, फोन कोणता ते तरी सांगा. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का?

---

वरणबट्टी (मूळ शहादा, सध्या नाशिक) | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३३

मास्तरांना +१. आयफोनवाल्यांचंही सांगते, म्हणजे आम्ही फार मिरवतो असं वाटायला नको.

माझ्याकडे एक्सआर आहे, ऑफिसातल्या मैत्रिणीकडून जुना घेतलेला. तो २०१८ मध्ये आयओएस १२ घेऊन आला आणि आयओएस १८ पर्यंत दरवर्षी नवीन आवृत्ती मिळत गेली. यंदा सप्टेंबरमध्ये आयओएस २६ आलं (मधले आकडे खाऊन टाकले, वर्षावरून नाव ठेवायला लागलेत) आणि एक्सएस, एक्सएस मॅक्स, एक्सआर तिघांनाही दार बंद. आता आयफोन ११ पासून पुढचे आणि दुसऱ्या पिढीचा एसई चालतो.

पण मी घाबरले नाही. त्याच दिवशी जुन्या फोनांसाठी १८.७ आलं, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या होत्या. ॲपल असं आधीही करत आलंय. २०१३ च्या ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा १२.५.७ नावाची दुरुस्ती मिळाली होती. नवीन रूप मिळालं नाही, पण भोकं बुजवली. नवीन आवृत्ती बंद होणं आणि फोन वाऱ्यावर सोडणं, यात फरक आहे. आप्पांच्या फोनच्या बाबतीत दोन्ही झालंय, ते वाईट.

---

तापीकाठ (चोपडा) | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१५

हे सगळं ठरवून केलेलं असतं. अपडेट देऊन फोन हळू करायचा, म्हणजे माणूस नवीन घेतो. २०१७ मध्ये ॲपलने स्वतः कबूल केलं होतं. मग कशाला कौतुक?

---

स्क्रूड्रायव्हर (धुळे, मोबाईल दुरुस्ती) | १३ ऑक्टोबर, रात्री ११:३८

दुकान बंद करून आलो, म्हणून उशीर.

तापीकाठ भाऊ, २०१७ चं प्रकरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलं तुम्ही. बॅटरी जुनी झाली की एकदम जोर लागला तर व्होल्टेज पडतं आणि फोन फटकन बंद होतो. तो बंद पडू नये म्हणून त्यांनी प्रोसेसरचा वेग दाबला. गुन्हा हा की गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. बोंबाबोंब झाल्यावर बॅटरी बदलण्याचे दर उतरवले आणि २०१८ मध्ये ११.३ आवृत्तीत बॅटरीची तब्येत दाखवायला सुरुवात केली. म्हणजे हळू झालेला फोन बॅटरी बदलल्यावर पुन्हा पळायचा!

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. 'अपडेटने फोन हँग झाला' म्हणून येणाऱ्या फोनांमधले निम्मे मी उघडतसुद्धा नाही. स्टोरेज बघतो. १२८ पैकी १२६ जीबी भरलेलं! सकाळचे गुलाब, सूर्योदय, 'आजचा सुविचार', एकाच लग्नाचे नऊशे फोटो. ते काढले की गिऱ्हाईक म्हणतं, "काय जादू केली भाऊ!" त्याचे पैसे मागायला लाज वाटते, चहा घेतो.

आणि आपल्याकडे खरा मारेकरी अपडेट नाहीच, ऊन आहे. मे महिन्यात ४५-४६ अंशात फोन मोटरसायकलच्या मोबाईल स्टँडला लावून धुळे-शिरपूर जायचं, वर नकाशा चालू, वर चार्जिंग. ॲपल स्वतः फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं. आपल्याकडे मार्चमध्येच ते ओलांडतं. लिथियमची बॅटरी गरमीत झपाट्याने म्हातारी होते. फुगलेल्या बॅटऱ्या मी जूनमध्ये जितक्या काढतो तितक्या डिसेंबरात नाही.

आणखी एक. अपडेट येत नाही म्हणून कोणी "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हटलं तर आधी विचारा, कोणतं मारणार? बहुतेक वेळा कंपनीचंच जुनं सॉफ्टवेअर पुन्हा चढवतात. फोन स्वच्छ होतो, आवृत्ती तीच राहते. १२ चं १६ होत नाही. आणि मधेच लाइट गेली तर फोन लोगोवर अटकतो.

---

पिलबाग | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

स्क्रूड्रायव्हर दादा, धन्यवाद. आप्पांचं स्टोरेज बघितलं. १२८ पैकी ११९. 'शुभ सकाळ' नावाचं वेगळं फोल्डरच आहे, म्हणे सगळ्यांना परत पाठवायला लागतात.

एक शंका. गुगलने अँड्रॉइड काढलं, ते फुकट आहे. मग कंपनीला ते फोनमध्ये घालायला जड काय जातं?

---

पाटीवरचा_मास्तर | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:४८

अडतं ते चिपपाशी. ठिबक समजा. पाण्याची टाकी गुगलची, नळ्या फोन कंपनीच्या, पण मधला व्हॉल्व्ह चिप बनवणाऱ्याच्या हातात. कॅमेरा, मॉडेम, ग्राफिक्स यांना चालवणारे ड्रायव्हर चिपवाला देतो. त्याने नव्या आवृत्तीसाठी ते दिले नाहीत तर फोन कंपनीने कितीही ठरवलं तरी काम अवघड होऊन बसतं. स्वस्त फोनात स्वस्त चिप. तिच्यामागे चार-पाच वर्षं माणसं बसवायला कोणालाच परवडत नाही, आणि ज्या फोनवर कंपनीने जेमतेम कमावलं त्याला तीन वर्षांनी कोण खर्च करणार!

गुगलने यावर उपाय केले, नाही असं नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत 'ट्रेबल' आणलं. म्हणजे चिपचा भाग एका कप्प्यात, अँड्रॉइड दुसऱ्यात, वरचा कप्पा बदलला तरी खालचा हलत नाही. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून 'मेनलाइन' आलं. त्यात सिस्टीमचे काही तुकडे कंपनीला न विचारता थेट प्ले स्टोअरच्या वाटेने बदलतात. पिलबाग, हे तुमच्या कामाचं आहे. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या पानावर 'गुगल प्ले सिस्टीम अपडेट' शोधा. सुरक्षा पॅच २०२३ चा असला तरी ही तारीख पुढची असू शकते. सगळं बरं होणार नाही, पण अगदीच उघडं शेत नाही.

मात्र अँड्रॉइड १२ ला स्वतः गुगलनेच मार्च २०२५ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलंय. म्हणजे आता कंपनीला सद्बुद्धी झाली तरी तिला १३ किंवा पुढेच न्यावं लागेल, १२ वर ठेवून डागडुजी करणं सोपं राहिलेलं नाही.

(आज विंडोज १० चाही शेवटचा दिवस. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात आज सुतक आहे.)

---

रानातला_राउटर (यावल) | १४ ऑक्टोबर, रात्री ८:२७

कस्टम रॉमचा, म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड घालायचा विषय कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो.

लिनेजओएस नावाचं फुकट अँड्रॉइड आहे, हौशी लोक मिळून चालवतात. २०१६ अखेर सायनोजेनमॉड नावाचं तसलंच एक बंद पडलं त्यातून ते उभं राहिलं. मी २०१९ च्या माझ्या फोनवर घातलं. कंपनीने १० वर सोडलेला, तो आज १५ वर पळतो. बूटलोडर (दुसरं सॉफ्टवेअर चढू न देणारं फोनचं कुलूप) उघडताना सगळा डेटा पुसला गेला, पण फोन नवा झाला!

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी बँकेचं ॲप उघडलं तर म्हणे तुमच्या फोनात छेडछाड झाली आहे. बूटलोडर उघडा असला की फोनात छेडछाड झाली का बघणारी गुगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी नापास करते आणि बँका तिच्यावर विसंबतात. त्यावर पळवाटा आहेत, पण आज चालते ती पुढच्या महिन्यात बंद. मी पैशांचं सगळं बायकोच्या फोनवर नेलं. आता भाजी घ्यायला गेलो तरी तिला फोन करून सांगतो, "पाठव गं चाळीस." आप्पांसाठी हा रस्ता नको. आपल्या मॉडेलला लिनेजओएस आहेच असंही नाही, स्वस्त चिपच्या बऱ्याच फोनांना मिळत नाही.

---

वरणबट्टी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

'पाठव गं चाळीस' 😄 वहिनींची सही घेऊन फिरा.

---

नंदुरबारी_मिरची | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

सगळे आवृत्तीच्या मागे लागलेत. मी बँकेत काउंटरला बसते, कोणती ते विचारू नका. रोज बघते ते सांगते. जुन्या फोनमुळे पैसे गेले असं सांगत फार कमी जण येतात. 'पीएम किसान' किंवा आरटीओ चलानच्या नावाची एपीके फाइल (दाबली की ॲप बसवणारी) व्हॉट्सॲपवर आली, दाबली आणि खातं रिकामं झालं, असे मात्र येतात. नवीन फोनवालेही असतात त्यात. ती फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते, आपण देतो, मग ओटीपी थेट चोराच्या हातात. 'तुमचा फोन अपडेट करा' म्हणून लिंक आली तरी तोच प्रकार. अपडेट फक्त सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरवरून, व्हॉट्सॲपवरून कधीच नाही. झालंच तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर टाकू नका.

ॲप किती काळ चालतील ते प्रत्येक ॲप आपलं आपलं ठरवतं. व्हॉट्सॲपला अजून अँड्रॉइड ५ पुरतं. क्रोमने मात्र या ऑगस्टपासून ८ आणि ९ ला निरोप दिला, १० च्या खाली नवीन क्रोम नाही. बँका त्याहून कडक. त्यामुळे आधी बँकेचं ॲप रुसतं आणि व्हॉट्सॲप शेवटपर्यंत साथ देतं. आमच्याकडच्या गिऱ्हाइकांचा हाच क्रम दिसतो.

---

तापीकाठ | १५ ऑक्टोबर, दुपारी २:०५

ठीक आहे, बॅटरीचं मान्य. पण मग आपल्याकडे कायदा का नाही? टीव्ही, फ्रिजला वॉरंटी कार्डावर तारीख असते, फोनच्या खोक्यावर 'अपडेट अमुक तारखेपर्यंत' असं का छापत नाहीत?

---

पाटीवरचा_मास्तर | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:५२

रास्त प्रश्न. युरोपने यंदा २० जूनपासून नियम लागू केला. त्यात मॉडेलचा *शेवटचा* नग बाजारात उतरल्यापासून पुढे किमान ५ वर्षं अपडेटचा हिशेब आहे. मोजणी कुठून सुरू होते बघा! आप्पांचा फोन तिकडच्या हिशेबाने अजून जवान ठरला असता. आपल्याकडे सध्या कंपनीच्या शब्दावरच चालतं.

तो शब्द मात्र अलीकडे लांबलाय. पिक्सेल ८ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने ७ वर्षं सांगितली, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला तेवढीच. हे महाग फोन, आपल्या कामाचे नाहीत. पण सॅमसंगच्याच ए१६ ५जी ला, जो त्या मानाने स्वस्त आहे आणि गेल्या वर्षी अँड्रॉइड १४ घेऊन आला, ६ आवृत्त्यांचा शब्द आहे. जाहिरात करत नाही, उदाहरण देतोय. शब्द कधी कधी वाढतोही. पिक्सेल ७ ला आधी ३ वर्षांच्या आवृत्त्या होत्या, मागच्या डिसेंबरात ५ केल्या. पण वाढेल या आशेवर पैसे टाकू नका.

---

खापरावरचा_मांडा | १५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मना फोन वनप्लस नॉर्ड शे, पहिला, २०२० ना.

---

रानातला_राउटर | १५ ऑक्टोबर, रात्री ८:४४

मांडेभाऊ, तो अँड्रॉइड १० घेऊन आला, दोन आवृत्त्यांचा शब्द होता, १२ वर थांबला. कंपनीकडून नाही येणार. पण तुमच्या फोनला लिनेजओएस आहे. वरचं माझं 'चाळीस' प्रकरण वाचूनच हात घाला.

---

खापरावरचा_मांडा | १५ ऑक्टोबर, रात्री ८:४६

वाचं. ऱ्हाऊ द्या.

---

पिलबाग | २३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

भाऊबीज आटोपून लिहितोय. झालं ते सांगतो.

धनत्रयोदशीला जळगावला गेलो. आप्पा सोबत, त्यांना दुकानात बसवून ठेवलं तर भाव कमी होतो असा अनुभव आहे. 'दिवाळी धमाका'वाला फोन दाखवला, खरंच दोन हजारांनी स्वस्त. मी विचारलं, "हा बाजारात कधी आला?" पोरगा म्हणाला, "एकदम ताजा आहे दादा, आजच खोकं फोडलं." मी म्हटलं, खोकं नको, मॉडेल कधीचं. त्याने स्वतःच्या फोनवर शोधलं आणि चेहरा पडला. मार्च २०२३, वर आवृत्त्या दोन, म्हणजे शेवटचीही येऊन गेलेली. आप्पा मधेच म्हणाले, "हा खोडवा आहे रे, जुन्या खोडाचं दुसरं पीक. लावणी दाखव."

शेवटी याच वर्षी आलेला एक घेतला. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वर्षं लिहिलेली बघितली, दुकानदाराच्या तोंडची धरली नाहीत. बजेटच्या अकराशे वर गेलो. ते बहिणीच्या ओवाळणीतून कापले असं ती आता गावभर सांगते.

बँक आणि यूपीआय नव्यावर. जुन्यातून बँकेचं ॲप काढलं. 'गुगल प्ले सिस्टीम अपडेट' केलं, मास्तर म्हणाले तसं तारीख खरंच पुढची होती. 'शुभ सकाळ' फोल्डर आप्पांच्या देखत उडवलं, संध्याकाळपर्यंत त्यात पुन्हा चौदा आले.

स्क्रूड्रायव्हर दादा, जुन्याची बॅटरी मागून थोडी वर आल्यासारखी वाटते, कव्हर नीट बसत नाही. शेतावरच्या खोलीत गाण्यांना ठेवायचा विचार आहे. चालेल का?

---

स्क्रूड्रायव्हर | २३ ऑक्टोबर, रात्री ११:५२

अजिबात नाही. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, दाबून कव्हर बसवू नका, पत्र्याच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका. फोन बंद करा. उद्या जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, बॅटरी काढून त्याच्याचकडे द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. नवीन बॅटरी टाकली की मग खुशाल गाणी लावा.